आजाऱ्याच्या वाटणीची पोळी

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक काटेरी साळू राहत असे. ओढ्यापलीकडे तिचा मित्र ससा राहायचा. तो तापाने अंथरुणाला खिळला होता आणि अन्नाला तोंड लावत नव्हता. साळू भेटायला गेली तेव्हा तो क्षीण आवाजात म्हणाला, “साळूताई, करवंदांची पोळी मिळाली, तर दोन घास खाईन म्हणतो.”

साळू तिथून निघाली ती थेट करवंदांच्या जाळीतच शिरली. तिने काळीभोर करवंदे तोडली. चिकाने पंजे चिकट झाले. करवंदे मधात शिजवून तिने कणकेच्या दोन लाटलेल्या पाऱ्यांमध्ये भरली, कडेला नाजूक मुरड घातली आणि मातीच्या परळात, खालीवर निखारे ठेवून पोळी खरपूस भाजली. मग ती पळसाच्या पानावर घेऊन निघाली. वाटेत माकड आडवे आले. “आजाऱ्यासाठी आहे,” साळू म्हणाली. “असू दे की! एवढ्याशा घासाने काय कमी होणार?” साळूला नाही म्हणवेना. माकडाने भलामोठा तुकडा मोडला. पुढे कोल्हा भेटला. “माकडाला दिलीस, मग मी काय तुझे घोडे मारले आहे?” त्यानेही हात मारला. रानडुक्कर तर म्हणाले, “एवढी पोळी आजाऱ्याला पचायची नाही, मीच मदत करतो!”

सशापाशी पोहोचेपर्यंत पानावर करपलेली कड तेवढी उरली होती. सशाने ती चघळून पाहिली, “छान आहे हो,” म्हटले आणि कूस बदलली. साळूला त्या तिघांचा संताप आला. पण त्याहून अधिक स्वतःचा आला. ‘मी कोण त्याच्या तोंडचा घास वाटून टाकणारी?’

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा पोळी भाजली. वाटेत तिघेही आधीच येऊन बसले होते. माकड म्हणाले, “आज जरा मोठा घास दे हं, कालचा दाताखालीही आला नाही.” साळूच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहिले. ती कडाडली, “लाज नाही वाटत? हातीपायी धड आहात, जाळ्या करवंदांनी लगडल्या आहेत. तोडा आणि खा! आजाऱ्याच्या ताटात कसले हात घालता?”

“एका घासासाठी केवढा हा तोरा! कंजूष कुठली!” कोल्हा म्हणाला.

“असेन कंजूष. व्हा बाजूला!” काटे सळसळवत साळू पुढे निघाली, तसे तिघेही मागे सरले. सशाने त्या दिवशी अर्धी पोळी खाल्ली, पानावरचा रसही चाटला आणि संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी तो बिळाबाहेर उन्हात येऊन बसला. जंगलभर साळूच्या कंजूषपणाची चर्चा झाली. तिने मात्र ती कानाआड केली आणि उद्यासाठी पीठ मळायला घेतले.

तात्पर्य : भिडेपोटी दुसऱ्याच्या वाटणीचे देऊन टाकणे हे औदार्य नव्हे, ज्याचे त्याला मिळावे म्हणून प्रसंगी वाईटपणा घ्यावा लागला, तरी तो घ्यावा.