सुजलेल्या पायांची नोंद

एकदा एका वृद्ध कादंबरीकाराबरोबर त्यांचा एक शिष्य शिशिरातल्या प्रवासाला निघाला. कादंबरीकारांना सारे तात्या म्हणत. सहा ऋतूंचे सहा प्रवास, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. दर ऋतूत ते त्याच एका नदीच्या खोऱ्यात जात, वनखात्याच्या विश्रामगृहात चार दिवस राहत आणि दिसेल ते वहीत टिपून घेत. त्यांच्या कादंबऱ्यांतली झाडे, पाऊसपाणी, माणसे या वह्यांतूनच आलेली. ‘पाहिलेले त्याच दिवशी लिहावे, उद्यावर टाकलेले उतरत नाही,’ हा एकच धडा ते शिष्यांना देत. त्यांचा शिष्य श्रीरंग याने तो इतका मनावर घेतला होता की त्याच्या प्रत्येक सदऱ्याचा खिसा वहीने खाली ओघळलेला असे.

श्रीरंग चाळिशीचा, पेशाने शिक्षक. एका म्हाताऱ्याच्या अखेरच्या हिवाळ्यावर तो कादंबरी लिहीत होता आणि ती अर्ध्यावर अडली होती. तात्या आजवर कुणालाच प्रवासाला नेत नसत. यंदा आपण होऊन म्हणाले, “येतोस का?” त्याच सुमारास घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते आणि डॉक्टरांनी फार तर महिना सांगितला होता. तरी त्यांना बहिणीच्या हवाली करून श्रीरंग निघाला. चारच दिवसांचा तर प्रश्न आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली. तात्यांपाशी मात्र तो याबद्दल चकार शब्द बोलला नाही. कळले असते तर त्यांनी नेले नसते, हे त्याला पक्के ठाऊक होते.

खोऱ्यात माघ उतरला होता. सागाची मोठाली पाने एकेक करून खाली येत आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ऐकू येई. नदी आटून वाळूच्या एका कडेला सरकली होती. आकाश तर दुपारीही मळकट. श्रीरंगने पहिल्याच संध्याकाळी चार पाने भरली. इतके उदास वाटत असताना हात एवढा भराभर चालतो, याचा त्याला आनंदच झाला, आणि आनंद झाल्याचेही त्याने लिहून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चहा घेताना तात्यांनी हात पुढे केला. “आण बघू वही.”

या क्षणाची श्रीरंगने कित्येक वर्षे वाट पाहिली होती. तात्यांनी सागाच्या पानांचा मजकूर वाचला, नदीचा वाचला. “बरं उतरलंय,” म्हणाले. मग मागची पाने उलटता उलटता ते थांबले. पाय गुडघ्यापर्यंत सुजलेले; घास गिळताना डोळे मिटतात; हाक मारताना शेवटचे अक्षर विरते.

“हे म्हातारबुवा कोण?”

“कादंबरीतले, तात्या.”

“कादंबरीतल्या माणसाच्या औषधांच्या वेळा कुणी लिहीत नाही.”

श्रीरंगने मान खाली घातली. “माझे वडील.”

“ही शेवटची नोंद कधीची?”

“परवाची. निघायच्या आदल्या दिवशीची.”

तात्यांनी वही मिटली, आपल्या पिशवीत टाकली आणि खानसाम्याला हाक मारली. “बावणे, पुढची एसटी किती वाजता?”

“पावणेअकराला, साहेब.”

“यांच्यापुरत्या पोळ्या बांधून द्या.”

श्रीरंगला काही समजेना. फाट्यावर एसटीची वाट पाहत दोघे उभे राहिले तेव्हा त्याच्या मनात नको ते विचार येऊ लागले. तात्यांना आपल्या नोंदी खुपल्या असाव्यात. कुणी सांगावे, त्या स्वतःच्या पुस्तकात वापरायच्या असतील. अखेर त्याला राहवेना. “तात्या, वही तरी द्या हो. तीन महिन्यांची मेहनत आहे त्यात.”

“माझ्या चौथ्या कादंबरीत नायिका मरते, ते प्रकरण वाचलंयस?”

“पाठ आहे मला.”

“ते मी बायकोच्या उशाशी बसून लिहिलं. श्वास कसा लागतो, नखं कशी निळी पडतात, सगळं त्याच दिवशी टिपलं. एका दुपारी तिनं हात पुढे केला. मी म्हटलं, थांब, एवढं वाक्य पुरं करतो. वाक्य पुरं झालं. चांगलं झालं. मान वर केली तेव्हा हात पांघरुणावर पडला होता.”

तात्यांनी वहीची पिशवी खांद्यावर सारली.

“अठरा वर्षं झाली. तिच्या अखेरच्या दिवसांतलं मला त्या प्रकरणात आहे तेवढंच आठवतं. त्याबाहेरचं काही नाही, कारण त्याबाहेर मी नव्हतोच. झाडाकडे टिपणवही घेऊन बघत बसलं तर झाडाचं काही बिघडत नाही, त्याला आपल्याकडून काही नको असतं. माणसाला हवं असतं रे. एवढा फरक मी तुम्हाला शिकवला नाही. चूक माझी, म्हणून वहीही माझ्याकडे राहील.”

“आणि कादंबरी?” श्रीरंगने विचारलेच. लेखक मंडळी अशा वेळीही हे विचारतात.

“होईल, नाही तर नाही होणार. गाडी आली बघ.”

वाटेत त्याचा हात तीनदा खिशाकडे गेला. खिडकीबाहेर कापूस वेचून झालेली शेते होती, पऱ्हाट्यांचे ढीग होते; ती पाहून त्याच्या डोक्यात वाक्ये जुळत आणि तशीच विरून जात. आपण काल घरातून बाहेर पडलोच कसे, याची त्याला आता लाज वाटत होती.

घरी पोचायला दिवेलागण झाली. बहीण, कुंदा, दारातच म्हणाली, “चार दिवस म्हणाला होतास ना?” तो तडक आत गेला. वडील डोळे मिटून पडले होते. तो पायथ्याशी बसला. त्या पायांची सूज त्याने वहीत सात वेळा लिहिली होती. आज त्याने पांघरूण सारून त्यांवर हात ठेवला आणि तो दचकला.

“कुंदा, यांचे पाय इतके गार कधीपासून पडतात गं?”

“दिवाळीपासून,” ती म्हणाली.

श्रीरंगच्या डोळ्यांना धार लागली. त्याने दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि हळूहळू चोळत राहिला. वडिलांनी डोळे उघडून त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि पुन्हा मिटले. ते त्यानंतर नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांची नोंद कुठेही नाही.