नेणतीचं रिंगण

कोंडसर गावात कुणाच्याही परसात डोकावलं, तर एखाद्या रानटी रोपाभोवती नदीतल्या गोट्यांचं रिंगण दिसतं. आत ना तुळस, ना देव. पाहुणे विचारतात, "ही कसली पूजा?" तेव्हा गावातले वयोवृद्ध भिकूतात्या सांगतात, "पूजा न्हाई. ती नेणती. जे रोप घरच्या बाईला वळखू येत न्हाई, ते नेणती. त्याला कुणी शिजवायचं न्हाई." आणि मग यसवदेची गोष्ट निघते.

फार मागं, यसवदा नावाची एक बाई या गावात नांदत होती म्हणे. टाकळा, कुर्डू, भारंग, फोडशी, रानभाजी कुठलीही असो. पान चुरगळून हुंगलं की नाव तिच्या जिभेवर. पावसाळ्यात धान्याच्या कणग्या रिकाम्या व्हायच्या, तेव्हा सारं गाव तिच्या शब्दावर जेवायचं. परसात काही नवं उगवलं, की बाया पान घेऊन तिच्याच दारी.

एका वाईट साली शेजारची साळू असंच पान घेऊन आली. तिच्या धुण्याच्या दगडाशी लाल देठांचं रोप माजलं होतं. यसवदेनं पान चुरगळलं, हुंगलं, उजेडात धरलं. काही केल्या ओळख पटेना. ओट्यावर चारचौघी बसलेल्या. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

"रानमाठ हाय गं," यसवदा म्हणाली. "खुशाल खा."

साळूनं घरातली पेज नवऱ्याला आणि लेकीला वाढली, आणि आपण ती भाजी खाल्ली. दिवस कलायच्या आत तिच्या तोंडाला फेस आला. यसवदा धावत गेली, तर साळू तिचा हात धरून नवऱ्याला, धोंडूला, सांगत होती, "यसूआक्काला बोल लावू नगा. तिनं बरोबरच सांगितलं. म्याच भलतं पान खुडलं आसंल." तेवढं बोलून ती गेली.

गावानं ते खरं मानलं. यसवदेला कुणी चकार शब्दानं दुखवलं नाही. उलट धोंडूच तिला म्हणाला, "आक्का, तुम्ही जिवाला लावून घेऊ नगा." खरं सांगावं म्हणून ती दोनदा त्याच्या उंबऱ्याशी गेली आणि पोरीला पाणी पाजून परत आली. घास तोंडात फिरू लागला. झाडाचं पान दिसलं, की ती मान वळवायची.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला. कावळे झाडावर बसून राहिले, खाली येईनात. धोंडू म्हणाला, "पोरीला सावत्र आई आणणार न्हाई." कावळा शिवेना. साळूच्या भावांनी पोरीला सांभाळायचा शब्द दिला, तरी कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. घाटावर बायकांनी जायची रीत नव्हती, तरी यसवदा उतरून आली, आणि पिंडासमोर गुडघे टेकून बसली.

"साळू, तू भलतं पान न्हाई खुडलंस. त्येच खुडलंस. मला ते रोप ठावं नव्हतं. न्हाई म्हणायची लाज वाटली मला."

कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला, असं सांगतात.

पण यसवदेची सुटका काही झाली नाही. धोंडू तिच्याकडं न बघता म्हणाला, "नऊ दिस तू माझ्या पोरीला पाणी पाजलंस आन् गप ऱ्हायलीस." पुन्हा तो तिच्याशी जन्मात बोलला नाही. यसवदेनंही कधी माफी मागितली नाही. तिनं नदीतून गोटे वाहिले आणि साळूच्या परसातल्या त्या रोपाला रिंगण घातलं, म्हणजे कुणाचा हात चुकून पडू नये.

त्यानंतर बाया पान आणायच्या बंद झाल्या. बऱ्याच पावसाळ्यांनी एक जण आली, ती साळूची लेक. हातात टाकळा होता, पोरासोरांनाही ओळखू येईल असा. "आत्ये, ह्ये काय हाय?" यसवदेनं तिला ओट्यावर बसवलं, भाजी स्वतः शिजवली, तिच्यादेखत आधी आपण खाल्ली, आणि सूर्य कलेपर्यंत तिला ताटाला हात लावू दिला नाही.

आजही कोंडसरात रानभाजीचं नाव सांगणाऱ्या बाईनंच पहिला घास खायचा असतो. बाकीची माणसं सूर्य कलेपर्यंत भरल्या ताटांसमोर बसून राहतात, भूक कितीही लागलेली असो.