शिंगाचा दुसरा सूर

एका राज्यात रस्ते नव्हते, पाट होते. डोंगरावरच्या मुदपाकखान्यातून तुपाच्या होड्या निघत आणि पाटांनी घरोघर जात. काठाच्या भिंतींवर शिंग घेतलेले पहारेकरी असत. दिसेल ती घाण गिळून फस्त करावी, अशी भूक त्यांना एका जादूगाराच्या वराने मिळाली होती. वर मागताना राजा पद्मसेनाने हौसेने आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली: माझी फौज कधी मागे फिरू नये. जादूगार "तथास्तु" म्हणाला आणि हसला. तो का हसला, हे कुणी विचारले नाही. वर मिळाला की राजे लोकांना घाई होते.

पुढे राजवाड्याच्या तळ्याकडे जाणारा मोठा पाट अरुंद होऊ लागला. तळे आटू लागले. राजा म्हणाला, भिंतीत शत्रू शिरला, पहारेकरी पाठवा. शंभर गेले, मग हजार गेले. परत कोणी आले नाही, आणि पाट आणखी आक्रसला.

त्या हजारांत कुमुदेचा धाकटा भाऊ केदार होता. कुमुदा पाटकरीण. पाटाचे पाणी रोज काठीने मोजणे हे तिचे काम. तिला एक साधी शंका आली: माणसे पाठवली की पाट अरुंद का होतो? तिने खंड्या पक्ष्याला विचारले. खंड्या बोलत असे, आणि गरजेपेक्षा जास्तच बोलत असे. त्या दिवशी मात्र त्याने थोडक्यात तीन कामे सांगितली.

"भिंतीत जाऊन शत्रू पाहून ये. रिकाम्या होड्या आण. शिंगाला येत नाही ते त्याला शिकव. आणि त्वरा कर, आतली माणसे दगड होऊ लागली आहेत."

कुमुदा एका फटीतून भिंतीत शिरली. आत शत्रू नव्हता. होड्यांतून सांडलेले तूप फटीत झिरपून खवट झाले होते. पहारेकऱ्यांनी ते गिळले, पुन्हा गिळले, आणि भोपळ्यासारखे फुगून ते खांद्याला खांदा लावून अडकून बसले होते. भिंत फुगली होती ती त्यांच्यामुळेच. केदार गुडघ्यापर्यंत दगड झाला होता, तरी शिंग फुंकत होता.

"केदार, शत्रू कुठे आहे?"

"पुढे असेल, ताई."

"तुझ्या पुढे कोण आहे?"

त्याने मान वळवून पाहिले. "आपलाच माणूस."

"मग शिंग कशाला?"

"हलता येईना की मदतीला बोलवायचे. एवढेच शिकवले आहे."

कुमुदेला रडू कोसळले. तिने त्याच्या दगडी गुडघ्यावरून हात फिरवला आणि ती बाहेर पडली.

उरलेले तूप डोंगरावर परत नेणाऱ्या लहान होड्या पायथ्याशी पडून होत्या. रिकाम्या, म्हणून त्यांना कुणी मान देत नसे. कुमुदेने त्यातल्या चाळीस अरुंद पाटातून ओढत भिंतीच्या फटीशी आणल्या. पण पहारेकऱ्यांना गिळणे थांबवता येईना, कारण ते फक्त शिंगाचे ऐकत, आणि शिंगाला "धावून या" एवढा एकच सूर येई.

तिने पुन्हा आत शिरून केदारच्या हातून शिंग घेतले. तिन्हीसांजेला आई दोघांना जेवायला हाक मारी, तो सूर तिला आठवला. पहिल्यांदा शिंग घोगरले. दुसऱ्यांदा शेळीसारखे ओरडले, आणि खंड्या मनसोक्त हसला. तिसऱ्यांदा सूर लागला: घरी या.

पहारेकरी दचकले. मागे फिरायला त्यांना बंदी होती, घरी जायला नव्हती. त्यांनी पोटातले तूप होड्यांत रिते केले आणि एकेक करून बाहेर निघाले. पाणी खळाळत तळ्याकडे धावले. शेवटी केदार आला. त्याचा दगड उतरला, पण एक पाऊल दगडाचेच राहिले.

राजाने विचारले, "शत्रू कोण होता?"

"कोणी नव्हता, महाराज. थोडे तूप होते, बाकी आपणच."

राजाने जादूगाराला बोलावून फौजेने मागे न फिरण्याचे आपले मागणे परत घेतले. या खेपेस जादूगार हसला नाही.

आता त्या राज्यात रोज तिन्हीसांजेला केदार शिंग फुंकतो आणि पहारेकरी आपापल्या घरी परततात. दगडी पावलामुळे तो सगळ्यांच्या मागून पोचतो. तोवर कुमुदा जेवत नाही.