कलत्या खानावळीचा पंचनामा

“मी सरळ होते, असं भिंतीनं स्वतः सांगावं! मग लगेच सही करतो!”

विमा कंपनीचे मोठे साहेब विश्वंभर राजाध्यक्ष यांनी टेबलावर थाप मारली आणि समोर बसलेल्या अनसूयामावशींच्या तोंडचं पाणीच पळालं. जिनं बोलायचं ती भिंत दहा दिवसांपूर्वीच जमीनदोस्त झाली होती!

झालं होतं असं. मावशींच्या खानावळीला लागून असलेली पाण्याची टाकी भर दुपारी फुटली. लोंढ्यानं एका कोपऱ्याखालची माती धुऊन नेली, पाया खचला आणि अख्खी इमारत त्या अंगाला कलली. ती रस्त्यावर कोसळेल म्हणून तिसऱ्याच दिवशी पाडून टाकायचा हुकूम निघाला. विम्याची भरपाई मिळाली, तर खानावळ पुन्हा उभी राहणार होती. नाही मिळाली, तर साठीच्या मावशींना दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नुकसानीची मोजणी केली होती वैजूनं. दादू गवंड्याची ही लेक एका सर्व्हेअरकडे कामाला होती. तिच्याकडे तीन पायांच्या घोडीवर उभा राहणारा स्कॅनर होता. तो गरगर फिरत चहूकडे लेसरचे किरण सोडायचा आणि भिंती, छत, तडे, अगदी खिळासुद्धा कुठे किती अंतरावर आहे ते रंग-अक्षरांसकट टिपून घ्यायचा. मग संगणकावर ती खोली जशीच्या तशी उभी राहायची. खानावळ पाडण्याच्या आदल्या दिवशी वैजूनं ती अशी पुरती टिपून ठेवली होती. आज ती तेच दाखवायला आली होती.

“हे बघा साहेब, हा कोपरा खाली गेलाय. भिंत चार अंश कललीय.”

“कललीय ना? मान्य!” साहेब म्हणाले. “पण कधीपासून? बांधली तेव्हापासूनच वाकडी असेल! तुझ्या यंत्रानं टाकी फुटल्यानंतरचं टिपलं. आदल्या दिवशीचं त्याला दिसतं का?”

साहेबांच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांचा पगार बहुधा त्याचाच असावा.

“अवो सायेब, रोज साठ माणसं जेवायची माझ्याकडं!” मावशी कळवळून म्हणाल्या. “घर वाकडं असतं तर ताटातली आमटी एका अंगाला नसती व्हय गेली? इचारा की त्यास्नी!”

“तुमची आमटी ओरपणारे तुमच्याच बाजूनं बोलणार!” साहेबांनी मिशीला पीळ दिला. “ते काही नाही. एक तर भिंतीनं सांगावं, नाहीतर घर आधीपासूनच वाकडं होतं असं तुम्ही लिहून द्या. माझा चहा संपेपर्यंत मुदत!”

साहेबांनी कप उचलला. मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. त्यांच्याकडे बघून वैजूला भडभडून आलं. ती पडद्यावरच्या खानावळीत शिरली. चूल बघितली, बाकडी बघितली, दाराची चौकट बघितली. साहेबांनी घोट घेतला. वैजू मागच्या भिंतीशी पोचली आणि थबकली. मग गालात हसली.

“साहेब, भिंत बोलायला तयार आहे. पण लाजाळू आहे हो. जरा जवळ येऊन ऐकावं लागेल!”

साहेब कपबशी हातात घेऊनच उठले. दोन्ही अधिकारीही उठले.

“हे खिळ्यावर टांगलेलं कॅलेंडर. खाली पत्र्याची पट्टी आहे. पंख्याच्या वाऱ्यानं ते झुलायचं आणि पट्टी भिंतीला घासायची. हा बघा अर्धगोल ओरखडा!”

“असले ओरखडे माझ्याही घरी आहेत! बायको रोज बोलते!”

“तुमच्या घरी तो कॅलेंडरच्या दोन्ही बाजूंना सारखाच दिसत असेल. इथं बघा! एका बाजूला चार बोटं बाहेर, दुसऱ्या बाजूला दिसतच नाही! कॅलेंडर म्हणजे ओळंबाच, साहेब. माझे बाबा दोरीला वजन लावून भिंत सरळ आहे का बघतात, तसंच. ते कायम सरळ खालीच लोंबणार. ओरखडा मात्र भिंतीवर कोरलेला, तो भिंतीबरोबर कलला! किती, तेही मोजते.” तिनं ओरखड्याच्या मध्यापासून खिळ्यापर्यंत रेघ ओढली आणि सरळ लोंबणाऱ्या कॅलेंडरशी तिचा कोन मोजला. “चार अंश! भिंत कलली तेवढेच! म्हणजे ओरखडा पडला तेव्हा भिंत सरळ होती!”

साहेबांचा चहा कपातच राहिला.

“टाकी फुटल्यावर घासलं असेल!” एक अधिकारी घाईनं म्हणाला.

“टाकी फुटली त्याच दिवशी वीज तोडली. पंखा काय मावशींनी हातानं फिरवला? आणि गिलाव्यात एवढं खोल जायला वर्षं लागतात!”

साहेब मात्र सहजासहजी हार मानणारे नव्हते. “खिळा मावशींचा, पंखा मावशींचा, कॅलेंडरही मावशींचं! घरच्याच वस्तूची साक्ष मी का मानू?”

“कॅलेंडर मावशींचं नाही, साहेब!” वैजूनं खोली आणखी जवळ आणली. पानाच्या माथ्यावरची ठळक अक्षरं पडद्यावर मावेनात एवढी मोठी झाली. “नाव वाचा. तुमच्याच कंपनीचं आहे. दरवर्षी तुम्हीच फुकट पाठवता!”

तिघांनीही वाकून नाव वाचलं. मग साहेब असे खदखदून हसले की चहा बशीत सांडला. अधिकारीही हसले, अर्थात साहेबांच्या नंतर.

“आमचाच साक्षीदार फोडलास की गं पोरी! आण तो कागद!” साहेबांनी भरपाईच्या कागदावर झोकात सही ठोकली. “आणि आजपासून आमच्या कंपनीची सगळी पडझड तूच मोजायची! मावशी, नवीन भिंत उभी राहिली की तेवढा एक खिळा ठोकून ठेवा. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर मी स्वतः घेऊन येतो!”