बाबांच्या पाठीचं क्षेत्रफळ

"बाबा, वेड्यावाकड्या वस्तूचं क्षेत्रफळ काढता येत नाही, असं कोण म्हणतं?"

"मी कुठे तसं म्हणालो? मी म्हणालो, मला येत नाही."

नरहरी हसला. लिंबगीर बाबांना पुष्कळ गोष्टी येत नसत, आणि डोंगरावरच्या त्या मठात तसं कबूल करणारे ते एकटेच होते. त्यांच्या शिष्याला, नरहरीला मात्र सगळं यायचं. निदान त्याला तसं वाटे, आणि बाबा वाटू देत.

त्याची रीत सोपी होती. वस्तूवर ओल्या कागदाचे कपटे चिकटवायचे. एकावर एक चढू द्यायचा नाही, मध्ये फट ठेवायची नाही. मग ते सोलून फरशीवर चौकोनात मांडायचे आणि चौकोन मोजायचा. रताळं, नारळ, नदीतला गोटा... त्याच्या तावडीतून काही सुटलं नव्हतं.

"मग माझी पाठ मोज," बाबा म्हणाले.

बाबांना कुबड होतं. एक खांदा वर, एक खाली. शिवलेलं काही अंगाला बसत नसे, म्हणून थंडीत बिचारे घोंगडी पांघरत, आणि ती मेली सारखी घसरे. नरहरीला ते बघवत नसे. उद्या तो खालच्या गावातला ओस पडलेला मठ सांभाळायला निघणार होता. जाण्याआधी बाबांना अंगाबरोबर अंगरखा शिवून द्यायचा, हे त्याने मनाशी धरलंच होतं.

त्याने पाठ, खांदे, हात, सगळ्यावर कागद लावायला घेतले.

"हलू नका हं, बाबा. हात खाली. श्वाससुद्धा हळू."

"बरं बुवा, तू म्हणशील तसं."

म्हातारा मुकाट उभा राहिला. कागद निघाले, मांडले, मोजले. तेवढीच घोंगडी कापून रातोरात शिवली. चिंधीसुद्धा उरली नाही.

सकाळी बाबांनी अंगरखा घातला. कणसाला पाला बसावा तसा बसला.

"सुरकुती दिसते का कुठे?" नरहरीने विचारलं.

"एक नाही." बाबांचे डोळे भरून आले. "जन्मात पहिल्यांदा माझ्या मापाचं काही अंगावर आलं रे."

नरहरीची छाती फुगली. मग तो त्यांच्या पायांशी वाकला. बाबांचा हात डोक्यावर पडल्याशिवाय शिष्याने डोंगर उतरायचा नाही, अशी त्या मठाची रीत. इतकी वर्षं तो याच हाताची वाट पाहत होता.

तो वाकून राहिला...

हात आला नाही.

त्याने वर पाहिलं. बाबांचा हात कमरेपर्यंत येऊन अडला होता. बगलेत घोंगडी करकचून ताणली होती आणि बाबा लालबुंद होऊन हिसके देत होते.

"माप चुकलं माझं..." नरहरी पुटपुटला.

"छे! माप अगदी बरोबर आहे."

"मग?"

"तू मोजत होतास, तेव्हा मी हललो नाही ना."

नरहरीने बगलेतली ताणलेली शिवण चाचपली.

"काढून टाकू का, बाबा?"

"काढायचा कशाला, वेड्या? तू शिवलायस." बाबांनी अडकलेला कोपर त्याच्यापुढे केला. "बगलेत थोडं उसव. तुझ्या डोक्यापर्यंत पोचेल, एवढंच."