सोनेरी रीळ आणि पहिला मासा

पाणखोलच्या खाडीकाठी एवढ्याशा कौलारू घरात सगुणा आणि तिचे बाबा राहायचे. बाबांच्या पायात पाकटाचा काटा घुसला होता. पाकट म्हणजे पंख्यासारखा चपटा मासा, पण शेपटीला हा एवढा विषारी काटा! पाय सुजून भोपळ्याएवढा झालेला. बाबा खाटेवर पडून, आणि मासे धरायचं काम नऊ वर्षांच्या सगुणाकडे.

तिचं सामान तरी काय? दुधाच्या पावडरीचा एक गंजका डबा, त्यावर गुंडाळलेला दोरा, आणि दोऱ्याच्या टोकाला गरी, म्हणजे मासे अडकवायचा आकडा. हातानेच फेकायचं, हातानेच ओढायचं. तो दोरा असा काही गुंतायचा की सोडवता सोडवता ओहोटी लागायची. तीन दिवस घरात नुसती पेज होती.

हेही सगुणाने हसत सोसलं असतं. पण शेजारच्या केशरला नवीन रीळ मिळालं!

निळंनिळं, मोरपिशी, चमचमणारं चिमुकलं रीळ. दांडा फिरवला की दोरा सरसर गुंडाळला जायचा आणि टिकटिक, टिकटिक असा नाजूक आवाज यायचा. सगळ्यांना तो आवाज गोड वाटायचा. सगुणाच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"बाबा, केशरच्या बापाशीन तिका रीळ हाडल्यान. माका कधी हाडतलास?"

"पाय बरो होऊंदे गो, मगे बघूया."

"तिकाच सगळा मिळता!"

"असा बोला नये, बाय," बाबा हळूच म्हणाले.

तशी सगुणा गुणाची पोर. काठावर कुणी टाकलेला दोरा दिसला की उचलून आणायची, का, तर पक्ष्यांच्या पायांत अडकू नये. पण त्या दिवसांत तिच्या पोटात हेव्याचा एक एवढुसा किडा शिरला होता आणि तो सारखा वळवळत होता.

एका दुपारी ती कोळंब्या शोधायला कांदळवनात गेली. खाडीतल्या त्या हिरव्या-पोपटी झाडीतून दुपारचं ऊन ठिबकत होतं. एका मुळाशी फेकलेल्या दोऱ्याचा गुंता पडला होता, आणि गुंत्यात काहीतरी लुकलुकत होतं. सगुणाने वाकून पाहिलं, तर ती परी होती! कोळंबीएवढी इवलीशी. झगा शिंपल्याच्या आतल्या रंगाचा, गुलाबी-रुपेरी. आणि दोन्ही पंख दोऱ्यात करकचून अडकलेले.

"हालू नको हां. मी सोडवतंय," सगुणा म्हणाली.

गुंते सोडवण्यात तिचा हात कोण धरणार? एकेक वेढा काढता काढता भरतीचं पाणी तिच्या गुडघ्याला लागलं. पण पंखाला साधा ओरखडासुद्धा आला नाही.

परीने पंख झटकले आणि रुपेरी चुरा उडाला. "सगुणाबाय, गुणाची गं तू! त्या फांदीकडे बघ. एक रीळ तुझं."

फांदीवर तीन रिळं झुलत होती.

"रुपेरी घेतलंस, तर गरी पार पलीकडच्या काठाला पडेल. हिरवं घेतलंस, तर दोरा कधीच गुंतणार नाही, मासे मात्र तुझ्या कष्टाचे. आणि सोनेरी घेतलंस, तर शेजारच्याच्या गरीला लागणारा मासा तुझ्या गरीला लागेल."

तुम्ही म्हणाल, हिरवं घ्यावं. पण तुमच्या पोटात तो किडा नव्हता ना!

"सोनेरी!" सगुणा म्हणाली.

परीचा चेहरा जरासा उतरला. "घे. पण नियम ऐक. सूर्य बुडेपर्यंतच ते परत करता येईल, नंतर कधीच नाही. आणि परत करायचं, तर ज्याचा मासा ओढलास त्याला तोंडावर खरं सांगून."

"परत कोण करता!" म्हणत सगुणा धक्क्याकडे धावली.

केशर तिथे बसलीच होती. सगुणा शेजारी बसली, मांडीवर जुना डबा आणि सोनेरी रीळ परकराच्या ओच्यात अर्धं झाकून. थोड्याच वेळात केशरचा दोरा ताणला गेला.

"लागलो गो, लागलो!" केशर ओरडली. तेवढ्यात तिचा दोरा सैल पडला आणि सगुणाचा ताणला गेला. वर आली एक लालचुटूक तांबोशी!

मग असंच चालू राहिलं. ऊन कलेपर्यंत सगुणाच्या टोपलीत तांबोशी आणि काळुंदर जातीचे दोन मासे, केशरची टोपली कोरडी. सगुणाला इतका आनंद झाला! मासे मिळाल्याचा थोडा, केशरला न मिळाल्याचा जास्त. खोटं कशाला सांगू?

केशरचे डोळे पाण्याने भरले. "माका एकच व्हयो होतो," ती पुटपुटली.

"तुझा काय अडला? तुमच्याकडे बाजारातले मासे येतत."

"अगो, नव्या रिळाचो पयलो मासो आपण खावचो नसता, शेजाऱ्याक देवचो असता. तुझ्या बाबांचो पाय बरो नाय. गरम कढी मिळाली तर त्यांका बरा वाटात, म्हणान तीन दिस बसलंय. दोन दिस काय मिळाक नाय, आणि आज लागले ते सुटले."

शेजारी! केशरच्या घराच्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला सगुणाचं घर. सगुणाने ओढलेला मासा सगुणाच्याच घरी यायला निघाला होता.

सूर्य पाण्याला टेकला. अजून थोडं गप्प बसलं की सोनेरी रीळ जन्मभर आपलं. बाबांना रोज मासा. सगुणाला लाज वाटली, भीतीही वाटली, आणि शब्दांचा गुंता झाला. पण गुंते सोडवायची सवय होती ना! एकेक शब्द ओढत तिने सगळं सांगून टाकलं, अगदी पोटातल्या किड्यासकट.

सोनेरी रीळ तिच्या हातातच विरघळून गेलं. मांडीवर राहिला जुना गंजका डबा.

केशरने पाठ फिरवली. राग येणारच की! मग ती उठली, दोन्ही काळुंदरं आपल्या टोपलीत टाकली आणि तांबोशी सगुणाच्या हातात ठेवली.

"ह्यो माझ्या रिळाचो पयलो. तो तुझो. पण परत असा केलंस, तर खाडीत ढकलतलंय तुका!"

तेवढ्यात डब्याच्या काठावर परी येऊन बसली.

"माका आता काय नको," सगुणा मान खाली घालून म्हणाली.

"सोन्यासारखं रीळ सोडून खरं बोललीस. मग हिरवं तुझंच," परी हसली. तिने डब्याला बोट लावलं. गंज झरझर झडला आणि पानासारखं हिरवंगार रीळ टिकटिक करू लागलं. परीचा झगा उजळत उजळत गेला, सगळी खाडी क्षणभर लखलखली आणि परी त्या उजेडातच मिसळून गेली.

सगुणाने गरी टाकली. लागलं एक बोटभर काळुंदर. तिने ते टोपलीत टाकायला हात नेला आणि तसाच थांबवला.

"घे गो केशर. माझ्या रिळाचो पयलो."

"एवढोसो?" केशर खुदकन हसली.

त्या संध्याकाळी दोन्ही घरांत कढी शिजली, आणि दोन्ही घरांतल्या कढीत शेजारच्या रिळाचा मासा होता.

आणि तो किडा? केशरच्या घरातून तिरफळं घातलेल्या कढीचा खमंग वास आला, तेव्हा तो पुन्हा एकदा वळवळला खरा. सगुणाने त्याच्यावर कढीचा गरम घोट ओतला आणि बाबांच्या वाटीत आणखी एक तुकडा वाढला.