अस्वलिणीचे पिल्लू आणि पोटातले जंत

सागाच्या रानात, ओढ्याकाठी एक अस्वलीण राहत होती. तिचे एकुलते एक पिल्लू दिवसभर खा खा करी. वाळवी, बोरे, मोहाची फुले, समोर येईल ते फस्त. त्याचे पोट माठासारखे गरगरीत झाले होते आणि अस्वलीण ते चारचौघींना कौतुकाने दाखवी. पुढे पिल्लाचे पाय मात्र काड्यांसारखे दिसू लागले. "कुणाची तरी दृष्ट लागली," असे म्हणून तिने मूठभर मोहाची फुले ओवाळून टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लाला दुप्पट खायला घातले. आईच ती, मुलांनो. भरवण्यापलीकडे तिला दुसरे काय सुचणार?

अशातच रानात तापाची साथ आली. बाकीची पिल्ले दोन-चार दिवसांत उठून खेळू लागली. हे मात्र आठवडा झाला तरी मान वर करीना. अस्वलिणीच्या तोंडचे पाणी पळाले. तिने झाडपाल्याची जाणकार, काटेरी अंगाची म्हातारी साळू बोलावून आणली.

साळूने पिल्लाचे पोट चाचपून पाहिले. "हे माती चाटते का गं?"

"चाटते की. पाणवठ्यावरची तर त्याला फार आवडते."

"तिथेच सगळे रान घाण करते. त्या मातीतून याच्या पोटात जंत शिरलेत. तू भरवतेस आणि ते खातात. अंगात रोगाशी लढणारे शिपाई असतात, ते बिचारे जंतांशी झुंजून थकले. मग तापाशी कुणी लढायचे?"

अस्वलिणीला रडू कोसळले. "मावशी, लेकराचे वैरी मीच पोसले गं."

"डोळे पूस. शिपाई थकलेत, पळालेले नाहीत. त्यांना जरा हातभार लाव."

साळूने वावडिंगाची पूड मधात कालवून दिली. पिल्लाने तोंड वाकडे केले, थुंकले, आणि आईने डोळे वटारल्यावर मुकाट्याने गिळले. जंत पडले, हळूहळू तापही उतरला. तेव्हापासून ओढ्यात पंजे धुतल्याशिवाय त्याला घास मिळेना, आणि माती चाटली की पाठीत धपाटा. "अस्वलाने पंजे धुवायचे, हे नवीनच," म्हणून शेजारणी फिदीफिदी हसत.

पुढच्या वर्षी साथ पुन्हा आली. पिल्लू दोन दिवस तापले आणि तिसऱ्या दिवशी मधासाठी सरसर झाडावर चढले. शेजारणी पाहतच राहिल्या. एकीने विचारले, "याला खाऊ तरी काय घालतेस गं?"

"पूर्वीपेक्षा कमीच," अस्वलीण म्हणाली.

तात्पर्य : शरीर आपली लढाई स्वतः लढते, स्वच्छता राखून शत्रूची वाट अडवणे, एवढे काम आपले.